पंगत ते स्वागत समारंभ : महाराष्ट्रातील विवाह-आतिथ्याच्या नियोजनाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

विवाह हा भारतीय समाजजीवनातील महत्त्वाचा संस्कार असल्याने विवाहसंस्थेचा अभ्यास धर्मशास्त्र, कायदा, मानववंशशास्त्र, स्त्री-अभ्यास अशा अनेक ज्ञानशाखांनी केला आहे. मात्र विवाहाच्या निमित्ताने जमलेल्या पाहुण्यांचे आदरातिथ्य कसे करावयाचे, कोणाला बोलवावयाचे, कोणाला कोठे बसवावयाचे आणि काय खाऊ घालावयाचे, या नियोजनाकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. ही बाब घरगुती, किरकोळ आणि म्हणून इतिहासाच्या कक्षेबाहेरची मानली गेली. वस्तुतः पाहुण्यांची यादी हा समाजाचा नकाशाच असतो. यजमान कोणाला आपले मानतो, कोणाला केवळ परिचित मानतो आणि कोणाला वगळतो, हे त्या यादीत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

आज महाराष्ट्रातील शहरांत आणि बहुतेक तालुक्यांच्या गावीही विवाहविधीला जोडून 'स्वागत समारंभ' किंवा 'रिसेप्शन' योजले जाते. वधूवर व्यासपीठावर उभे असतात, निमंत्रित रांगेने येऊन शुभेच्छा देतात, छायाचित्र काढले जाते आणि पाहुणे भोजनाकडे वळतात. हा समारंभ कोणत्याही गृह्यसूत्रात सांगितलेला नाही. त्याला मुहूर्त लागत नाही, पुरोहित लागत नाही. तरीही अनेक कुटुंबांत विवाहविधीपेक्षा त्याच्याच तयारीवर अधिक वेळ आणि पैसा खर्च होतो. हा समारंभ महाराष्ट्रात कसा रुजला, त्याने कोणती सामाजिक गरज भागवली आणि कोणता प्रश्न अनुत्तरित ठेवला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पंगतीचे नियोजन : मान आणि क्रम

परंपरागत विवाहातील आतिथ्याचा केंद्रबिंदू पंगत हा होता. पाट, रांगोळी, केळीचे पान किंवा पत्रावळ, वाढपाचा ठरलेला क्रम, यजमानाचा आग्रह आणि विहिणींची स्वतंत्र पंगत ही तिची परिचित अंगे होत. पंगतीचे नियोजन हे मूलतः क्रमाचे नियोजन असे. पहिल्या पंगतीला कोण, कोणाच्या शेजारी कोण, कोणाचे पान आधी वाढावयाचे, यांवर मानपान अवलंबून असे. मानपानात चूक झाल्यास व्याह्यांचे रुसवेफुगवे वर्षानुवर्षे चालत.

या नियोजनाचे एक भव्य उदाहरण उत्तर पेशवाईत आढळते. सवाई माधवराव पेशव्यांचा विवाह फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्यात झाला. कारभाराची सूत्रे नाना फडणविसांच्या हाती होती. या विवाहाच्या बंदोबस्तासंबंधीच्या याद्या मराठी इतिहाससाधनांत प्रसिद्ध झालेल्या आहेत. आमंत्रणे, पाहुण्यांची उतरण्याची जागा, भोजनाची व्यवस्था आणि निरनिराळ्या कामांची माणसांवर सोपविलेली जबाबदारी यांचा त्यांत विचार केलेला दिसतो. लष्करी मोहिमेची आखणी करणाऱ्या कारभाऱ्याने विवाहाची आखणीही त्याच काटेकोरपणे करावी, यात आश्चर्य नाही. दरबारी विवाह हा राजकीय प्रसंग होता. कोणता सरदार आला, कोणाचे स्वागत किती अंतर पुढे जाऊन केले, यावरून दरबारातील त्याचे स्थान ठरत असे.

ग्रामीण भागात हेच तत्त्व लहान प्रमाणात पाळले जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातून गावातील बलुतेदार, त्यांचे हक्क आणि लग्नकार्यातील मानपान यांचे तपशीलवार दर्शन घडते. गुरवाने पत्रावळी पुरवाव्यात, कुंभाराने मडकी द्यावीत, परटाने पायघड्या घालाव्यात आणि त्या बदल्यात प्रत्येकाला आपला हक्क मिळावा, अशी ही रचना होती. संपूर्ण गाव लग्नात सहभागी होई. परंतु सहभाग म्हणजे सहभोजन नव्हे. प्रत्येक जातीची पंगत वेगळी, बसण्याची जागा वेगळी आणि वेळही वेगळी असे. एका पंगतीत न बसणाऱ्यांना शिजविलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा दिला जाई. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाट्याला मांडवाबाहेरची जागा आणि पंगतीतील उरलेसुरले अन्न येई. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे अन्न घेण्याची प्रथा सोडून देण्याचे आवाहन केले, ते या पार्श्वभूमीवर. गावजेवणाच्या औदार्याची दुसरी बाजू तेथे उघड झाली. यजमानाच्या दृष्टीने जे दान होते, तेच घेणाऱ्याच्या दृष्टीने अपमानाचे वार्षिक नूतनीकरण होते.

पानसुपारी : भोजनाविना आतिथ्य

ज्यांच्याशी अन्नोदकव्यवहार नाही, परंतु ज्यांचा सन्मान करणे आवश्यक आहे, अशा पाहुण्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न जुन्या समाजालाही पडत होता. त्याचे उत्तर 'पानसुपारी' या प्रथेत सापडते. अत्तर, गुलाबपाणी, हारतुरे आणि विडा देऊन पाहुण्याला सन्मानाने निरोप द्यावयाचा, ही दरबारी रीत होती. इंग्रजी अमदानीत ती शहरी मध्यमवर्गाने स्वीकारली. युरोपीय अधिकारी, पारशी व्यापारी, मुसलमान स्नेही आणि इतर जातींतील परिचित यांना या प्रथेने यजमानाच्या दिवाणखान्यात येता येई आणि कोणाच्याही सोवळ्याला धक्का लागत नसे.

स्वागत समारंभाला केवळ पाश्चात्त्य अनुकरण ठरवणारे मत प्रचलित आहे. व्यासपीठ, केक, हस्तांदोलन या बाह्य गोष्टी पाहता ते काही अंशी खरेही आहे. तथापि अनुकरण मुळे धरते ते आधीपासून तयार असलेल्या जमिनीत. विधीपासून अलग असलेले, ठरावीक घटिकेला न बांधलेले, भोजनाऐवजी किरकोळ उपचारांवर भागणारे आणि जातीबाहेरच्या पाहुण्यांसाठी खुले असे आतिथ्य पानसुपारीच्या रूपाने महाराष्ट्रात अस्तित्वात होतेच. 'रिसेप्शन' हा शब्द नंतर आला. त्याने भरून काढलेली जागा आधीची होती.

कोण कोणाकडे जेवले : बहिष्काराचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अन्नग्रहण हा सार्वजनिक वादाचा विषय बनला. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती, पण समाजमान्यता मिळाली नव्हती. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये मुंबईत विधवाविवाह घडून आला, तेव्हा त्यात सहभागी झालेल्या प्रमुख मंडळींवर बहिष्काराचे संकट आले. विवाह कायदेशीर होता, परंतु त्या विवाहाला उपस्थित राहणे आणि तेथे जेवणे हा जातीच्या दृष्टीने अपराध होता. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यानंतर मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्काराचे मुख्य शस्त्र पंक्तिभेद हेच होते. ज्याच्या शेजारी पान मांडले जात नाही, तो समाजाबाहेर गेला असे समजले जाई.

या संदर्भात पुण्यातील पंचहौद मिशनमधील १८९० चे चहाप्रकरण विशेष बोलके आहे. मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने ही बातमी वर्तमानपत्रात गेली आणि मोठे ग्रामण्य उद्भवले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या सुधारक अनुयायांना ते रुचले नाही. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या प्रसंगाचे घरगुती पडसाद उमटलेले आहेत. हे प्रकरण विवाहाचे नव्हते, पण त्याची झळ विवाहांना लागणे अटळ होते. ग्रामण्यात सापडलेल्या घरी भटजी कोठून आणावयाचा, आचारी कोण मिळणार आणि पंगतीला कोण येणार, हा कुटुंबापुढील व्यावहारिक प्रश्न होता.

महात्मा जोतीराव फुले यांनी या प्रश्नाला निराळ्या दिशेने हात घातला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. पुरोहिताविना, वधूवरांनी परस्परांना दिलेल्या वचनांवर आधारलेला आणि अत्यल्प खर्चात झालेला हा विवाह होता. फुले यांच्या टीकेचा रोख केवळ पुरोहिताच्या मध्यस्थीवर नव्हता. विधी, दक्षिणा आणि जेवणावळी यांच्या एकत्रित भाराखाली शेतकरी कर्जबाजारी होतो, हे त्यांनी वारंवार मांडले.

कर्जाच्या या मुद्द्याबाबत काही सावधगिरी आवश्यक आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने शेतकऱ्यांच्या ऋणाची कारणे तपासली. विवाहावरील खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असतो हे त्याने नाकारले नाही. परंतु कर्जाचे ते एक कारण असले तरी त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, बी-बियाणे, बैल, पोटाची गरज आणि सरकारी सारा यांसाठी घेतलेल्या लहानसहान रकमाच साचत जातात, असा त्याच्या निरीक्षणाचा आशय होता. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्या लग्नमांडवावर फोडणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे असते. ही नोंद आजच्या चर्चांमध्येही विसरता कामा नये.

चाळ, कचेरी आणि कार्यालय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईसारख्या महानगराने विवाहाच्या नियोजनाचे भौतिक आधारच बदलले. गावातील लग्न घरापुढच्या अंगणात, मांडवात होई. मुंबईत अंगणच नव्हते. १९११ च्या सुमारास शहरातील सुमारे दोनतृतीयांश लोकसंख्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. अशा ठिकाणी पंगती उठवावयाच्या कशा? चाळीची गच्ची, चौक, शाळेचे सभागृह किंवा भाड्याची जागा असे पर्याय शोधले गेले. डॉ. आंबेडकरांचा रमाबाईंशी झालेला विवाह भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार संपल्यानंतर, मोकळ्या झालेल्या जागेत लागला, हे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. ज्यांना वाडा नव्हता आणि ज्यांना इतरांचे वाडे बंद होते, त्यांना शहराने निदान बाजारातील रात्र दिली.

मध्यमवर्गासाठी 'मंगल कार्यालय' ही संस्था याच गरजेतून विकसित झाली. जागा, भांडी, आचारी, वाढपी आणि पुढे वाणसामानाचीही जबाबदारी कार्यालयाने घेण्यास सुरुवात केली. आतापर्यंत घरातील वडीलधारी मंडळी, शेजारी आणि भाऊबंद मिळून जे नियोजन करीत, त्याचा मोठा भाग व्यावसायिक व्यवस्थेकडे गेला. त्याबरोबर एक सूक्ष्म बदल घडला. कोठीघराच्या किल्ल्या ज्या आत्याबाई किंवा मावशीच्या कनवटीला असत, तिचे कार्यातील स्थान कमी झाले. तिच्या डोक्यावरचे ओझे कमी झाले आणि तिचा अधिकारही गेला.

याहून महत्त्वाचा बदल पाहुण्यांच्या यादीत झाला. गिरणी, रेल्वे, टपाल, सरकारी कचेरी, महाविद्यालय या ठिकाणी भिन्न जातिधर्मांची माणसे शेजारी बसून काम करू लागली. साहेब, हाताखालचे कारकून, शेजारच्या टेबलावरचे सहकारी, संघटनेतील कार्यकर्ते हा आता जीवनाचा भाग होता. या मंडळींना सकाळच्या मुहूर्तावर रजा घेऊन येणे शक्य नव्हते, आणि सोवळ्याच्या पंगतीत त्यांना बसविण्याची घरातील वृद्धांची तयारी नव्हती. सायंकाळी, कचेरी सुटल्यावर, ठरावीक दोन-तीन तासांत केव्हाही यावे, वधूवरांना भेटावे, अल्पोपहार घ्यावा आणि जावे, अशी योजना दोन्ही अडचणींतून मार्ग काढणारी होती. निमंत्रणपत्रिकेत याचे प्रतिबिंब पडले. 'शुभमुहूर्तावर' सहकुटुंब सहपरिवार येण्याच्या आग्रहाशेजारी 'सायंकाळी अमुक ते अमुक' अशी दुसरी ओळ छापली जाऊ लागली. मुहूर्ताची वेळ एका क्षणाची असते, तर स्वागत समारंभाची वेळ कालावधीची. पहिली पंचांगातून येते, दुसरी कचेरीच्या घड्याळातून.

याच काळात सहभोजनाची चळवळ उभी राहिली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात चहा घेऊन चहाप्रकरणाला जणू उत्तर दिले. रत्नागिरीत स्थानबद्धतेच्या काळात वि. दा. सावरकरांनी सहभोजने घडवून आणली आणि १९३३ मध्ये तेथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. या जाहीर प्रयत्नांना विरोध झाला, त्यांच्या बातम्या झाल्या. त्याच वेळी शहरांतील विवाहाच्या स्वागत समारंभांत एकाच टेबलावरच्या बशा निरनिराळ्या जातींचे पाहुणे निमूटपणे उचलीत होते. चळवळीने जे घोषणा करून केले, ते येथे सोय म्हणून घडले.

शिधापत्रिका आणि पाहुण्यांची मर्यादा

स्वागत समारंभाच्या प्रसाराला दुसऱ्या महायुद्धातील धान्यटंचाईने अनपेक्षित बळ दिले. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. तांदूळ, गहू, साखर यांवर नियंत्रण आल्याने शेकडो पानांची पंगत घालणे अवघड झाले. युद्धकाळात आणि स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत वेगवेगळ्या प्रांतांनी व राज्यांनी समारंभांत जेवू घालण्याच्या पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे 'अतिथी नियंत्रण' आदेश काढले. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने अशा नियंत्रणाला कायमचा आधार मिळाला. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. विवाहासाठी जादा साखरेचा परवाना मिळावा म्हणून अर्ज करणे हा त्या काळी लग्नाच्या तयारीचा नित्याचा भाग झाला होता.

या निर्बंधांचा रोख प्रामुख्याने धान्यावर होता. परिणामी जवळच्या नातेवाइकांची मोजकी पंगत आणि इतर सर्वांसाठी चहा, सरबत, आइस्क्रीम किंवा वेफर्स असा तोडगा मध्यमवर्गाने स्वीकारला. पूर्वी केवळ चहा-आइस्क्रीमवर पाहुण्यांची बोळवण करणे हा यजमानाचा कमीपणा ठरला असता. आता तो काटकसरीचा आणि राष्ट्रीय कर्तव्याचा भाग मानला गेला. कित्येक वधूपित्यांना कायद्याने अब्रूदार सबब पुरविली. काटकसरीचा जो उपदेश सुधारकांनी अर्धशतक केला, तो टंचाईच्या आदेशांनी काही वर्षांत अमलात आणला. टंचाई सरली तशी काटकसरही सरली, ही त्याची मर्यादा होती. समारंभाचे रूप मात्र टिकले.

इतिहासाची ही पुनरावृत्ती अलीकडे पुन्हा दिसली. करोना साथीच्या काळात, मे २०२० मध्ये केंद्र सरकारने विवाहासाठी ५० पाहुण्यांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती २५ वर आणली, समारंभ दोन तासांत आटोपण्याचे बंधन घातले आणि उल्लंघनासाठी ५०,००० रुपयांचा दंड ठेवला. पंचवीस जणांची यादी करताना प्रत्येक कुटुंबाला आपल्या नात्यांची प्रतवारी करावी लागली. या वेळीही अनेकांनी खर्च वाचल्याचे समाधान व्यक्त केले, आणि निर्बंध उठताच मोठे समारंभ पुन्हा सुरू झाले.

नोंदणी विवाह आणि समाजमान्यता

१८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाहाचा मार्ग उघडला असला तरी तो मर्यादित होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने भिन्न धर्मांच्या व्यक्तींना आपापला धर्म न सोडता विवाह करण्याची मुभा दिली. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकाऱ्यासमोरील घोषणा आणि तीन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या एवढ्यावर विवाह पूर्ण होतो. डॉ. आंबेडकरांचा १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी झालेला विवाह याच नोंदणी परंपरेतील, म्हणजे १८७२ च्या कायद्याखालील होता.

नोंदणी विवाहात मंगलाष्टके नाहीत, अक्षता नाहीत, जमलेला समुदाय नाही. कायद्याच्या दृष्टीने तो परिपूर्ण असला तरी समाजाच्या दृष्टीने काहीतरी राहून जाते. ती उणीव स्वागत समारंभ भरून काढतो. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय विवाह करणाऱ्या जोडप्यांसाठी या समारंभाचे महत्त्व म्हणूनच निराळे आहे. विवाहाच्या नोंदणीला साक्षीदार मिळतात. स्वागताला आईवडील येतात की नाही, यावर त्या विवाहाची समाजमान्यता ठरते. विधीला उपस्थित राहण्यास नकार देणारे वडील अनेकदा स्वागत समारंभात मात्र येऊन उभे राहतात. विधीत सहभाग म्हणजे संमती, स्वागतात उपस्थिती म्हणजे स्वीकार, असा भेद समाजाने न सांगता केलेला आहे, आणि या भेदामुळे तुटू पाहणारी कित्येक नाती जोडली गेली आहेत. उलटपक्षी रिकाम्या खुर्च्यांचा समारंभ हा जातपंचायतीच्या ठरावाइतकाच स्पष्ट निर्णय असू शकतो. सामाजिक बहिष्काराला आळा घालण्यासाठी मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा संमत केला. परंतु निमंत्रण मिळूनही न जाणे हा बहिष्कार कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही.

बुफे, आहेर आणि ताटाचा दर

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत 'बुफे' पद्धतीने पंगतीची जागा घेतली. पाट गेले, वाढपी गेले, क्रम गेला. पाहुणा स्वतः ताट घेतो, हवे ते वाढून घेतो आणि हवे तेथे उभा राहतो. शेजारी कोण आहे याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. अन्न कोणी शिजविले हा एकेकाळी कळीचा असलेला प्रश्न कोणी विचारीत नाही. जातिभेदाच्या इतिहासात हा बदल लहान नव्हे. त्याबरोबर यजमानाचा आग्रह, जिलेबीच्या पैजा आणि पानावरचे उखाणेही गेले, याची खंत व्यक्त केली जाते. ती खंत खोटी नाही. पण तो आग्रह कोणाला होत होता आणि कोणाला होत नव्हता, हेही त्याच वेळी आठवावे लागते.

नव्या पद्धतीत जुनी प्रतवारी नाहीशी झाली, तरी नवी निर्माण झाली. ताटामागे दर ठरू लागला आणि पदार्थांची संख्या प्रतिष्ठेचे माप बनली. महत्त्वाच्या पाहुण्यांसाठी स्वतंत्र कक्ष, राजकीय पुढाऱ्यांसाठी व्यासपीठावर वेगळी वाट, असे नवे मानपान रूढ झाले. खर्चाचा भार आजही बहुतांशी वधूपक्षावर पडतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ मध्ये केलेल्या नियमांनुसार वधू व वराला मिळालेल्या भेटवस्तूंची यादी ठेवणे अपेक्षित आहे. स्वागत समारंभाच्या नियोजनात फुलांच्या, दिव्यांच्या, पदार्थांच्या याद्या होतात. कायद्याने सांगितलेली ही एक यादी मात्र सहसा होत नाही. हुंडा मागितला जात नाही असे सांगणारी कुटुंबे 'समारंभ आमच्या तोलामोलाचा व्हावा' एवढीच अपेक्षा व्यक्त करतात, आणि हुंड्याची रक्कम समारंभाच्या खर्चात रूपांतरित होते.

निष्कर्ष : रोटी आणि बेटी

वरील विवेचनावरून स्वागत समारंभाचे ऐतिहासिक कार्य स्पष्ट होते. त्याने विवाहाचे दोन वर्तुळांत विभाजन केले. आतले वर्तुळ विधीचे, नात्याचे आणि जातीचे, तर बाहेरचे वर्तुळ स्वागताचे, परिचयाचे आणि नागरी समाजाचे. बाहेरच्या वर्तुळात रोटीव्यवहार जवळजवळ पूर्णपणे खुला झाला. ज्या गोष्टीसाठी १८९० मध्ये रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले, ती आज कोणाच्या लक्षातही येत नाही. हे परिवर्तन चळवळींनी तयार केलेल्या वातावरणात घडले, पण ते घरोघरी पोहोचविण्याचे काम जागेची टंचाई, कचेरीची वेळ, शिधापत्रिका आणि मंगल कार्यालय यांनी केले.

आतले वर्तुळ मात्र फारसे बदललेले नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात प्रतिपादन केले होते की, सहभोजनाने जात मोडणार नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे. स्वागत समारंभाचा इतिहास हा या प्रतिपादनाचा पुरावा ठरतो. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. म्हणजे सर्व जातींचे पाहुणे ज्या विवाहानिमित्त एकत्र जेवतात, तो विवाह बहुतेक वेळा एकाच जातीत झालेला असतो. पाहुण्यांच्या यादीतून जात बरीचशी गेली, स्थळांच्या यादीत ती तशीच आहे. किंबहुना बाहेरचे वर्तुळ इतके मोकळे झाल्यामुळे आतल्या वर्तुळाच्या बंदिस्तपणाची टोचणी कमी झाली असण्याचीही शक्यता आहे.

तरीही या समारंभाचे मूल्य नाकारता येत नाही. आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीच्या स्वागताला आलेले वडील व्यासपीठावर दोन मिनिटे उभे राहतात आणि छायाचित्र काढून घेतात. त्या दोन मिनिटांत आतले वर्तुळ थोडेसे उघडते. विवाह-आतिथ्याच्या नियोजनाचा यापुढील अभ्यास करताना खर्चाच्या आकड्यांबरोबर निमंत्रणपत्रिका, पाहुण्यांच्या याद्या, आहेराच्या वह्या आणि छायाचित्रांचे संग्रह ही घरोघरी पडून असलेली साधने अभ्यासकांनी हाती घेणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम आपापल्या परिसरात करता येण्यासारखे आहे. आहेराच्या जुन्या वहीत कोणाचे नाव कोणत्या वर्षी प्रथम आले, एवढी नोंद जरी गोळा झाली, तरी महाराष्ट्रातील सामाजिक संबंधांच्या इतिहासातील एक रिकामे पान भरून निघेल.